दर सहा सेकंदांनी एक थेंब

जुलैतला शनिवार, हिंदमाताला सकाळपासूनच पाणी. माझ्या दादरच्या प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये अशा दिवशी एरवी माशी फिरकत नाही. दुपारी लालबागहून एक काका, त्यांची कॉलेजात जाणारी नात आणि रेनकोटात गुंडाळलेला बंटी असे तिघं आले. टॅक्सीवाल्याने परळलाच उतरवलं होतं, पुढे गुडघाभर पाण्यातून चालत.

बंटी बारा वर्षांचा पॉमेरेनियन, वजन आठ किलो, माझा जुना पेशंट. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होऊन नीट मिटत नाही, रक्त उलटं मागे येतं. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा आजार अगदी सर्रास. हिवाळ्यात एकदा फुप्फुसात पाणी झालं होतं, तेव्हापासून हृदयाला जोर देणारं पायमोबेंडान, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स आणि रक्तवाहिन्या सैल करणारं एनालाप्रिल चालू होतं.

"परवापासून उलट्या काढतोय, खाणंपिणं बंद. पण लॅसिक्स एकदाही चुकवलं नाही हां, डॉक्टर," काका म्हणाले.

इथेच माझ्या पोटात गोळा आला. पाणी बंद, उलट्या चालू आणि वर लघवी करवणारी गोळी वेळेवर. हिरड्या चिकट, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. थर्मामीटर बाहेर काढला तर त्याला डांबरासारखी काळी शी लागलेली. रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळेनाशी झाली की रक्तात वाढतं ते) 4.9. मे महिन्यात तेच 1.3 होतं.

पावसाळ्यात मुंबईत कुत्र्याची किडनी अशी एकाएकी बसली की पहिला संशय लेप्टोचा, म्हणजे उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा. घुशी, तुंबलेलं पाणी, सगळं जुळत होतं. पण लस वेळेवर घेतलेली, ताप नाही, डोळे पिवळे नाहीत. आणि ती काळी शी, म्हणजे पोटात झालेला रक्तस्राव, लेप्टोपेक्षा दुसरीकडेच बोट दाखवत होती. "दुसरं काही औषध दिलंत?" मी विचारलं.

"छे हो."

"आजोबा, तुमची गुडघ्याची गोळी?" नात म्हणाली.

बंटी लंगडत होता म्हणून काकांनी स्वतःची डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी अर्धी अर्धी करून, पेढ्यात घालून दिली होती, दिवसातून दोनदा. ती त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हती. घरचीच गोळी!

डायक्लोफिनॅकचं आणि मूत्रपिंडांचं वाकडं आपल्या देशाला चांगलं ठाऊक आहे. हे औषध टोचलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या, आणि 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांची गोळी मात्र घरोघरी डब्यात असते.

निरोगी कुत्र्यालाही ती वाईटच, पण बंटीची गोष्ट वेगळी होती. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. हृदय थकलं की मूत्रपिंडं आत येणारी बारीक रक्तवाहिनी ताणून उघडी ठेवतात आणि बाहेर जाणारी आवळतात, म्हणजे आतला दाब टिकतो. वेदनाशामक गोळी आत येणारी वाहिनी उघडी ठेवू देत नाही. एनालाप्रिल बाहेर जाणारी सैल करतं. आणि लॅसिक्स मुळातलं पाणीच कमी करतं. तिन्ही एका वेळी पोटात गेली की गाळण्याचं काम ठप्प होतं.

बरं, लंगडत का होता? बोटांमधले केस बाजूला केले तर पुढच्या पायाच्या अंगठ्याचं नख गोल वळून मांसात घुसलेलं. नेलकटरने कापलं, जखम धुतली. पायाचं दुखणं तेवढंच होतं.

पुढचं सोपं नव्हतं. एनालाप्रिल बंद, लॅसिक्स तूर्त थांबवलं, पायमोबेंडान ठेवलं, उलटीचं आणि पोटाचं इंजेक्शन दिलं. प्रश्न सलाईनचा. किडनीला पाणी हवं, आणि तेच पाणी जरा जास्त झालं की या हृदयाला पेलायचं नाही, थेट फुप्फुसात. मी तासाला 10 मिली ठरवलं, नेहमीच्या निम्मं. मायक्रोड्रिपमधून, म्हणजे बारीक थेंबांच्या नळीतून, दर सहा सेकंदांनी एक थेंब.

काका बाटलीकडे बघत बसले. "डॉक्टर, जरा जोरात सोडा की. एवढ्याने काय होणार?" सलाईनवर आपल्या लोकांचा देवाइतका विश्वास.

नातीला मी श्वास मोजायला शिकवलं. झोपलेला असताना छाती वर येऊन खाली गेली की एक, पूर्ण मिनिट मोजायचं, तिशीच्या आत हवं. माझ्याकडे एक्सरे आहे, सोनोग्राफी आहे, पण अशा पेशंटमध्ये पाणी चढायला लागल्याची पहिली वर्दी हा आकडाच देतो, आणि तो मोजायला डॉक्टर लागत नाही. लघवीसाठी खाली डायपर पॅड घातले, ते वजनकाट्यावर ठेवून हिशेब: एक ग्रॅम वाढलं की जवळपास एक मिली. तासाला निदान आठ मिली तरी हवी होती. संध्याकाळी कशीबशी चार, रात्री नऊच्या पॅडला अकरा. किडनी चालू झाली होती.

मग साडेअकराला नात म्हणाली, "मॅडम, अडतीस." पुन्हा मोजले, चव्वेचाळीस. स्टेथो लावला तर दोन्ही बाजूंना मागे बारीक चरचर. ड्रिप बंद केली, ऑक्सिजन लावला, आणि ज्या लॅसिक्सला दुपारी थांबवलं होतं तेच अगदी कमी मात्रेत शिरेतून दिलं. काकांना हे पटेना. "दुपारी म्हणालात, याच्यानेच किडनी सुकली!" खरंच म्हणाले होते. पण किडनीला काही तास उपाशी ठेवता येतं, श्वासाला नाही. पहाटे आकडा बत्तिसावर आला, तेव्हा ड्रिप पुन्हा लावली, तासाला पाच मिली.

सोमवारी क्रिएटिनिन 3.4, पुढच्या आठवड्यात 2.1, आणि तिथेच थांबलं. 1.3 आता विसरायचं. लॅसिक्स आधीपेक्षा कमी मात्रेत परत सुरू आहे, नात रोज रात्री श्वासाचा आकडा व्हॉट्सअॅपवर टाकते. तीसच्या वर गेला तर गोळी वाढवायची की नाही हे मी ठरवते, घरच्यांनी नाही, एवढं काकांकडून कबूल करून घेतलंय.

घरी सोडायच्या दिवशी काकांनी खिशातून स्वतःची पाकिटं काढून टेबलावर मांडली. टेल्मिसार्टन (ब्लडप्रेशरची, बंटीच्या एनालाप्रिलसारखंच काम करणारी), त्यातच लघवीची गोळी मिसळलेली, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक. "बंटीसारखंच झालं की हो हे." मी म्हटलं, माणसांची डॉक्टर मी नाही, पण आजच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. दोन दिवसांनी फोन आला: डायक्लोफिनॅक बंद, आणि काकांनाही क्रिएटिनिन करायला सांगितलंय.