आत्याची करवती साडी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आत्याची करवती काठाची टसर रेशमाची साडी आहे: मधाच्या रंगाची, जरीचा एकही धागा नसलेली. माझ्या लग्नात तिने ती मला देऊ केली तेव्हा ‘हिला चमकच नाही’ म्हणून मी नाक मुरडले होते. भारी वस्त्र म्हणजे मांडवाच्या दुसऱ्या टोकावरूनही डोळ्यांत भरणारे, एवढीच माझी समज होती.

पुढे शहरातल्याच एका दुकानातून मी ‘अस्सल टसर करवती’ घेतली. आत्याने पदराचा एक धागा ओढून काडीने पेटवला, तर तो वितळून त्याची कडक काळी गोळी झाली. मग तिने स्वतःच्या साडीचा धागा जाळला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत सहज चुरगळली. दुकानदाराशी भांडायला मी गेले नाही. फसले होते ते माझे डोळे.

त्यानंतरच मी भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावला माग पाहायला गेले. करवती म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ, हे ठाऊक होते. पण ते दाते कसे पडतात, हे कधी विचारलेच नव्हते. मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठात उभा धागा रंगीत सुती आणि आडवाही त्याच रंगाचा, म्हणून काठाचा रंग फिका पडत नाही. एकाच धोट्याने विणले असते, तर टसरचा पिवळसरपणा त्यात मिसळला असता. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा जिथे भेटतात, तिथे ते प्रत्येक फेरीत एकमेकांत अडकवायचे आणि दात्याचा उतार मोजून तो सांधा पुढे-मागे सरकवायचा. एकट्याचे हात पुरत नाहीत, म्हणून विणकरांशेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. दोघे बोलत नव्हते, कारण मोजणी चालू होती.

“ताई, उलटून पाहा न,” विणकर म्हणाले. मागच्या बाजूलाही दाते तसेच रेखीव होते, लोंबता धागा कुठेही नव्हता.

टसरचा पोत खडबडीत लागतो, हाही माझा जुना आक्षेप होता. टसरचे रेशीमकिडे गडचिरोली-भंडाऱ्याच्या भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतात. त्यांच्या कोषांतून निघालेले सूत कुठे जाड, कुठे बारीक असते आणि मधाचा तो रंगही मुळातलाच असतो. गुळगुळीत, एकसारखे टसर दिसले की आता मलाच शंका येते. (भावात घासाघीस करायची सवय मात्र त्या दिवशीही सुटली नाही, निम्म्यावर आले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.)

परत आल्यावर आत्याची साडी मागितली. तिने काही न बोलता कपाट उघडले. निऱ्यांच्या जवळ काठातला एक दाता इतरांपेक्षा किंचित आखूड आहे, मोजणी तिथे एका फेरीने चुकली असावी. साडी नेसताना मी तो दाता आधी शोधते आणि मगच निऱ्या घालते.