ताबा चार वर्षांनी

'प्रगतीला आडवं येऊन कसं चालेल?' सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले ते मलाच उद्देशून. वास्तविक मी काही बोललेही नव्हते. नुसती शेजारच्या काकूंकडे बघत होते. रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सगळ्यात आधी सही काकूंची. चष्मा शोधायला लागला तेवढाच उशीर. 'चार वर्षांत ताबा, आजी,' बिल्डरचा माणूस म्हणाला. काकू ब्याऐंशीच्या.

यात मला झोप न लागण्यासारखं काय होतं?

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा 1784 चा निबंध डोक्यातून जाईना. माणूसजात पिढ्यांमागून पिढ्या शहाणी होत जाते हे मांडता मांडता तो थबकतो. आधीच्यांनी राबायचं आणि इमारतीत राहायला मिळणार ते शेवटच्या पिढीलाच, हे विचित्र आहे म्हणतो. म्हणतो, आणि तरीही हे असंच असणार म्हणून पुढे निघतो. (त्याने स्वतः आदल्याच वर्षी घर विकत घेतलं होतं. बांधून तयार.)

सकाळी विरजण मागायला गेले तर काकू प्लॅन पसरून बसलेल्या. सुनेची उंची कमी, ओटा जरा खाली घ्यायला सांग त्यांना, म्हणाल्या. 'पण तुम्हाला...' एवढं बोलून मी गिळलं. त्या खुशीत होत्या. माझी कीव त्यांना नकोच होती. मग ती मी कुणासाठी बाळगून होते? भाड्याच्या घरात चार वर्षं, आणि या वयात सामान बांधायचं म्हणजे... आई असती तर. जाऊ दे.

तरी ते टोचतंच. पुढच्यांचं भलं होईल, होवो. पण त्याने आधीच्यांचं गेलेलं कसं भरून निघतं? 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि काकूंचा पुण्यात शनिवार पेठेतला संसार वाहून गेला. पितळी डबे नंतर चिखलात सापडले, झाकणं नाहीत. अजूनही त्या डब्यांवर ताटल्याच असतात. मुळशीत 1921 पासून शेतकरी सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. वीज मुंबईला. ज्याची भातखाचरं पाण्याखाली गेली, त्याच्या खात्यावर मुंबईतले दिवे कसे जमा करायचे?

बरं, सगळं थोतांड म्हणावं तर तेही जीभ रेटत नाही. 1848 मध्ये भिडेवाड्यात शाळा भरली नसती तर मी कांटपायी जागले असते होय! दिवसभर चूल फुंकून मेल्यासारखी झोपले असते. पण ती शाळा काही काळाने भरवली नाही, माणसांनी भरवली. आणि सावित्रीबाईंच्या अंगावर पडलं ते शेणच. माझ्या डिग्रीने त्याचं गुलाबपाणी होत नाही.

सही मीही करणारच. जिने चढून चढून गुडघे गेलेत, लिफ्ट हवी आहे. झाकलेलं पार्किंगही. कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर सभासदांना देणार त्या रकमेचा, आकडा मात्र आधी लेखी द्या म्हणावं, आणि काकूंच्या ओट्याचंही त्यातच लिहा.