डॉल्बी बंद झाल्यावर

घसा बसल्याचा आज तिसरा दिवस. तोंड उघडलं की गंजलेलं फाटक करकरावं तसा आवाज येतो. सकाळी गवळ्याला ‘दीड लिटर’ म्हटलं, त्यानं अर्धा लिटर घातलं आणि ‘जपा काकू’ म्हणून गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वरतंतूंना सूज आहे, मौन पाळा. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानंही ताण पडतो. (दोन दिवस मी कुजबुजूनच घरादारावर डाफरत होते.) मिठाच्या गुळण्यांनी घशाला बरं वाटेल, पण तंतू स्वरयंत्रात, तिथवर गुळणी पोचत नाही. वाफ घ्या, पाणी प्या. हळदीचं दूध मी माझ्या मनानं पितेय. सांगलीत राहून हळदीला नाही कशी म्हणू?

गणपतीच्या मांडवात आमचं भजन होतं. सगळ्यांना सांगत होते, मागच्या गल्लीतल्या डॉल्बीवर आवाज चढवून घसा बसला. पेटीवाल्या काकांवरही ढकललं. नेहमीची पांढरी चार पट्टी सोडून त्यांनी त्याहून चढी काळी चार धरली. त्या पट्टीत वरच्या सा ला तंतू सेकंदाला 400 वेळांहून जास्त आपटतात, मग सुजतील नाही तर काय?

काल सूनबाईनं मांडवातला व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या भजनाच्या मध्यावर डॉल्बी बंद झालेला ऐकू येतो. स्वच्छ. बाकीच्या बायकांनी लगेच आवाज खाली आणला. मी नाही. पुढची अडीच भजनं मी एकटी तशीच, मानेच्या शिरा ताणून. डॉल्बी थांबल्याचं मला कळलंच नव्हतं, असं सूनबाईला लिहून दाखवलं. कळलं होतं.

मग का? नव्या वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या इतक्या हळू गातात की लोक पुढे सरकून ऐकतात. त्यांनी पुढे सरकावं ते... जाऊ दे. गेल्या गणपतीत तर मी गायलेच नव्हते. यंदा वाटलं, एकदा सगळ्यांना कळू दे, अजून आहे आवाज. पण कळवायचं कुणाला होतं? ज्यांना ऐकू जायला हवं होतं ते...

पुन्हा व्हिडिओ लावला. तिसऱ्यांदा. आणि एकदम हसू आलं, बिनआवाजाचं. पलीकडे मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथल्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. दर उरुसाला तिथं गाणं ऐकायला जाते, त्यांचा सूर कसा रेशमासारखा होता ते घरी येऊन सगळ्यांना ऐकवते. आणि मांडवात मात्र बाजारात सौदा पुकारावा तशी!

नातवाला मौन फार आवडलंय. त्याची पाटी मला दिलीय, मी लिहिलेलं तो मोठ्यानं वाचतो आणि चुका काढतो. दुपारी वहिनींनी ज्येष्ठमध पाठवलं. पुडीवर नाव नव्हतं, पण कळलं. चघळतेय.

उद्या घरच्या आरतीला नुसती झांज. तीही हळू वाजवीन म्हणतेय.