एकोणीस यार्डांची किक आणि माइक लीचचा हिशेब

४ ऑक्टोबर २०१४. माइक लीच प्रशिक्षक असलेल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) कॉनर हॅलिडे यानं कॅलविरुद्ध (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) ७० पैकी ४९ पास पूर्ण करून ७३४ यार्ड काढले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत एका सामन्यात इतके यार्ड तोवर कुणीच काढले नव्हते. शेवटच्या काही सेकंदांत कॅल ६०–५९ अशी एका गुणानं पुढे होती, चेंडू गोलरेषेच्या तोंडाशी होता आणि वॉशिंग्टन स्टेटला उरली होती फक्त १९ यार्डांची किक. किकरला झोपेतून उठवून मारायला लावावी इतकी सोपी. ती हुकली. समोरच्या बाकावर कॅलचा प्रशिक्षक सॉनी डाइक्स होता, टेक्सस टेकला लीचच्याच हाताखाली तयार झालेला.

ही किक आज उकरून काढायचं कारण साधं त्रैराशिक आहे. मुख्य प्रशिक्षक म्हणून माइक लीचचा हिशेब १५८ विजय आणि १०७ पराभव असा आहे. टेक्सस टेकला ८४–४३, वॉशिंग्टन स्टेटला ५५–४७, मिसिसिपी स्टेटला १९–१७. एकूण सामने २६५, म्हणजे विजयांचं प्रमाण ०.५९६. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी (या खेळाच्या सन्मानदालनासाठी) प्रशिक्षकाला दहा वर्षं, शंभर सामने आणि ०.६०० प्रमाण लागायचं. ती एक किक बसली असती तर १५९ भागिले २६५ म्हणजे बरोब्बर ०.६००. पठ्ठ्या काठावर नापास झाला तो त्या एका किकेनं.

मे २०२५ मध्ये नियम बदलून मर्यादा ०.५९५ वर आणली गेली, २०२७ पासून लागू. आकडा पाहिला की नियम कुणाचं माप घेऊन शिवला ते लगेच कळतं. त्यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, लीचसारख्या माणसाला चार सहस्रांशांसाठी बाहेर ठेवणं हास्यास्पद होतं. दुसरा म्हणतो, मग हॉवर्ड श्नेलेनबर्गरचं काय? त्याचेही नेमके १५८ विजय आणि शिवाय मायामीला १९८३ चं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पण पराभव १५१, म्हणून तो अजून बाहेरच. हा दुसरा मुद्दा मला जास्त सच्चा वाटतो. दार रुंद करायचंच होतं तर टक्केवारी फेकून द्यायची आणि माणसानं खेळात काय बदललं ते बघायचं.

तर काय बदललं?

‘एअर रेड’, म्हणजे सतत पास फेकत खेळायची पद्धत, हे नाव लीचला चिकटलं असलं तरी पद्धत त्यानं एकट्यानं काढलेली नाही. मूळ खटपट प्रशिक्षक हॅल मम्मीची. आयोवा वेस्लियन, मग व्हॅल्डोस्टा स्टेट, मग केंटकी, असा दोघांचा एकत्र प्रवास. त्याच्याही मागे ब्रिगहम यंग विद्यापीठाचा प्रशिक्षक लाव्हेल एडवर्ड्स याचा पासिंगचा धडा आहे. लीच स्वतः कॉलेज फुटबॉल खेळलेला नव्हता. त्याच्याकडे पेपरडाइनची कायद्याची पदवी होती. त्याचं खरं योगदान वजाबाकीचं. बाकीचे प्रशिक्षक जाडजूड प्लेबुक (चालींची वही) बाळगायचे. लीचचा कारभार मूठभर चालींवर चालायचा: मेश, फोर व्हर्टिकल्स, वाय-क्रॉस, शॅलो, स्टिक, आणखी चारदोन. सामन्याच्या दिवशी हातात एक घडी घातलेला कागद. रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्यांच्या) बाजूही ठरलेल्या, डावीकडचा डावीकडेच. त्यामुळे खेळाडूची लक्षात ठेवायची कामं निम्मी होतात आणि सरावात त्याच पासची आवृत्ती दुप्पट होते.

मेश बघा. दोन रिसीव्हर दोन्हीकडून आत येतात, एकमेकांना छेद देतात. एक साधारण सहा यार्ड पुढे जाऊन अंतर ठरवतो, दुसरा त्याच्या पोटाखालून जातो, इतक्या जवळून की जाता जाता टाळी देता यावी. बचाव मॅन-टू-मॅन (प्रत्येकाच्या मागे एक) असेल तर पाठलाग करणारे दोघं एकमेकांत अडकतात आणि धावणारा मोकळा होतो. झोन (प्रत्येकानं आपली जागा राखायची) असेल तर पळत राहायचं नाही. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे तोंड करायचं. बिघडतं ते इथे. दोघांत दीड-दोन यार्डांचं अंतर पडलं की बचावपटू मधून सटकतो. जास्त जवळ जाऊन धक्का दिला तर पेनल्टी. झोनमध्ये थांबायच्या ऐवजी पळत राहिला तर स्वतःच पुढच्या बचावपटूच्या मिठीत जातो. ही तीन चुकांची चाल रोज घोटून घेतली की पुरे, हा लीचचा आग्रह. नवी चाल शिकवण्यात त्याला रस नव्हता.

लाइनमनही (क्वार्टरबॅकसमोर भिंत धरणारे पाच जण) तसेच. सहसा ते एकमेकांच्या खांद्याशी असतात. लीच त्यांच्यात तीन फुटांच्या आसपास फट ठेवायचा. समोरचा कडेचा बचावपटू मग आपोआप बाहेर ढकलला जातो आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोचायला त्याला दोन पावलं जास्त लागतात. शिवाय पास जायला लाइनमनच्या मधून खिडक्या उघडतात. धोका उघड आहे: मधल्या फटीतून कुणी सरळ घुसला तर अडवायला वेळच नाही, चेंडू तत्काळ सुटला पाहिजे.

या जोरावर लबकसारख्या आडबाजूच्या गावातल्या टेक्सस टेकनं दहाच्या दहा मोसम जिंकलेल्या सामन्यांचं पारडं जड ठेवलं. २००३ मध्ये बी. जे. सिमन्सनं ५,८३३ यार्ड फेकले. एका मोसमातला तो विक्रम २०२१ पर्यंत टिकला. १ नोव्हेंबर २००८ ला अव्वल क्रमांकाच्या टेक्ससला ३९–३३ असं हरवलं, मायकल क्रॅबट्रीनं पास झेलून गोलरेषा ओलांडली तेव्हा घड्याळात एक सेकंद उरला होता.

आता दुसरी बाजू, जी श्रद्धांजलीच्या लेखांत गाळली जाते. त्याच मोसमात तीन आठवड्यांनी ओक्लाहोमानं ६५–२१ असं झोडपलं. एकवीस मोसमांत कॉन्फरन्सचं (विद्यापीठांच्या आपल्या गटाचं) एकही विजेतेपद नाही. आणि वॉशिंग्टन स्टेटला असताना वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्धच्या वार्षिक अ‍ॅपल कप सामन्यात १–७. वॉशिंग्टनचा प्रशिक्षक क्रिस पीटरसन याच्या संघाशी सहा वेळा गाठ पडली, लीचच्या संघाचे सर्वाधिक गुण १७. सतरा! २०१८ चा संघही, ज्यानं विद्यापीठाच्या विक्रमी ११ विजयांची नोंद केली, तिथे १५ वरच अडला.

हा योगायोग नव्हता. उपाय सगळ्यांना माहीत होता: तिघांनीच पुढे घुसायचं आणि आठ जणांनी मागे पसरायचं. फटी ज्या जागी असायला हव्यात तिथे माणूस उभा. याला उत्तर अगदी सरळ आहे. पाच लाइनमन तिघांसमोर आहेत, चेंडू हातात धरून पळा. लीचचं म्हणणं असं की समतोल म्हणजे अर्धं पळणं, अर्धं फेकणं नव्हे. चेंडू पाचही जणांपर्यंत पोचला की झाला समतोल. तत्त्व म्हणून ते पटतं, पण आठ माणसं मागे उभी असताना ते हट्टाकडे झुकतं. मिसिसिपी स्टेटला पहिल्याच सामन्यात, २६ सप्टेंबर २०२० ला, गतविजेत्या लुइझियाना स्टेटविरुद्ध (एलएसयू) ४४–३४ असा विजय, के. जे. कॉस्टेलोचे ६२३ यार्ड, कॉन्फरन्सचा विक्रम. पुढच्याच आठवड्यात अर्कान्सानं आठ जण मागे ठेवले आणि २१–१४ असं जिंकून कॉन्फरन्समधली आपली २० पराभवांची मालिका संपवली. त्यापुढे केंटकीकडून २४–२. ते दोन गुणही आक्रमणाचे नव्हेत.

आघाडी राखणं हाही दुखरा सांधा. सप्टेंबर २०१९ मध्ये यूसीएलएविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये ४९–१७ असं पुढे असताना ६७–६३ असा पराभव. पूर्ण न झालेला पास घड्याळ थांबवतो. आघाडीवर असताना ते परवडत नाही.

मैदानाबाहेरचंही झाकून चालणार नाही. डिसेंबर २००९ मध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला अंधाऱ्या खोलीत उभं ठेवल्याच्या आरोपावरून टेक्सस टेकनं त्याला काढलं. लीचनं आरोप नाकारला, पगारासाठी खटला भरला, पण सरकारी विद्यापीठाला असलेल्या कायदेशीर संरक्षणापुढे तो टिकला नाही. त्याचे चाहते अजूनही हे फक्त पैशाचं भांडण समजतात. मला ते अर्धंच पटतं. डोक्याच्या दुखापतीबद्दल त्या काळच्या प्रशिक्षकांची एकूण बेफिकिरी बघता, तक्रार झाली हे बरंच झालं.

तरीही मत विचाराल तर: आत घ्या. विजयांसाठी नव्हे, शिष्यांसाठी. १९९९ मध्ये लीच ओक्लाहोमात सहायक प्रशिक्षक असताना जॉश ह्यूपल त्याचा क्वार्टरबॅक होता. पुढच्या वर्षी लीच गेल्यावर त्याच आराखड्यावर ओक्लाहोमानं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. लिंकन रायली टेक्सस टेकला क्वार्टरबॅक म्हणून टिकू शकला नाही, विद्यार्थी-सहायक झाला, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्याच्या तीन क्वार्टरबॅकना हाइझमन (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला. क्लिफ किंग्जबरी, डेना होल्गर्सन, डाइक्स. यातल्या बऱ्याच जणांनी गुरूच्या चाली तशाच ठेवून त्याला भक्कम पळापळीची जोड दिली, म्हणजे गुरूनं जे करायचं नाकारलं नेमकं तेच केलं. डाइक्स तर टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला (टीसीयू) घेऊन जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे जॉर्जियानं ६५–७ असं चिरडलं, तो भाग वेगळा.

लीच १२ डिसेंबर २०२२ ला वारला, वय ६१. शेवटचा सामना ओल मिसविरुद्ध २४–२२ असा जिंकलेला. २ जानेवारीला मिसिसिपी स्टेट इलिनॉयविरुद्ध उतरली. आक्रमणाच्या पहिल्याच खेपेला संघ एअर रेडच्या रचनेत उभा राहिला आणि त्याच्या आठवणीत मुद्दाम चाल सुरू करायचं घड्याळ संपू दिलं. वेळकाढूपणाची पेनल्टी लागली. इलिनॉयनं ती नाकारली. सामना मिसिसिपी स्टेटनं १९–१० असा जिंकला. तो विजय त्याच्या जागी आलेल्या झॅक आर्नेटच्या खात्यात मांडला गेला.