तुम्ही विचारलंत म्हणून : जीमेल असताना कमांडने मेल कशाला?

"मॅडम, त्या काळ्या पडद्यावर काय टाइप करायलाव ओ? मेल पाठवायला जीमेल हाय की!"

नव्याने कामाला लागलेला प्रत्येक अकाउंटंट मला हे विचारतो. पुण्यात शिकून सुट्टीला आलेली मालकांची मुलं विचारतात. परवा सीएंच्या ऑफिसातून आलेल्या आर्टिकलशिपच्या मुलीनेही विचारलं, आणि तिला नुसतं "सवय झालीय" म्हणून वाटेला लावावंसं वाटेना. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांची खाती मी बघते. महिना संपला की डीलरांना खातेउतारे जातात. माल निघाला की न्हावा शेवा बंदरातल्या क्लिअरिंग एजंटला इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जाते. सगळं पीडीएफमध्ये आणि सगळं मेलने, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं बिल मार्चमध्ये ऑडिटच्या वेळी शोधायला बसलं की लग्नाचे फोटो आणि गुड मॉर्निंगची फुलं उपसावी लागतात.

विचारणाऱ्यांना वाटतं, हे वेळ वाचवायला आहे. वेळ वाचतो, पण तेवढ्यासाठी मी ही उठाठेव केली नसती. खरं कारण असं की हाताने फाइल जोडताना एकाची दुसऱ्याला जाते. आपल्या पूर्व भागातल्या निम्म्या पेढ्यांची नावं सिद्धेश्वर नाहीतर मार्कंडेयापासून सुरू होतात आणि टेक्स्टाइल्सवर संपतात. पहिली दोन अक्षरं टाइप केली की जीमेल आपणहून पत्ता सुचवतं, संध्याकाळी साडेसातला थकलेला माणूस एंटर दाबतो, आणि एका डीलरचा उतारा दुसऱ्याच्या हातात पडतो. त्यात किलोचा भाव असतो, उधारीचे दिवस असतात. एका कारखान्यात नेमकं हेच झालं. ज्याला चुकून उतारा गेला, त्याने पुढच्या ऑर्डरीला तोच भाव मागितला आणि मालकांना तो द्यावा लागला. त्यावर माफीचा मेल पाठवून काय होणार?

म्हणून मी मेल स्क्रिप्टने पाठवते, म्हणजे कमांडा ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलने. तिच्यात ही निवडच उरत नाही. एक साधा तक्ता असतो : खाते क्रमांक आणि त्यासमोर पत्ता. पीडीएफचं नावही खाते क्रमांकच. १०४ नंबरची फाइल १०४ नंबरच्या ओळीतल्या पत्त्यावरच जाणार; मध्ये कोणाचं बोट येत नाही. अर्थात तक्त्यातला पत्ता चुकला तर तो दर महिन्याला तितक्याच निष्ठेने चुकणार. म्हणून नवी ओळ घातली की पार्टीला फोन लावायचा, पत्ता एकेक अक्षर वाचून दाखवायचा, आणि मग त्या ओळीला हात लावायचा नाही.

आता जो प्रश्न खरं तर विचारायला हवा आणि फारसं कोणी विचारत नाही, तो असा : मेलला फाइल जोडली जाते म्हणजे काय होतं?

मेलमध्ये फाइल नसतेच, अक्षरं असतात. मेल पोचवण्याचे जे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले, ते निव्वळ इंग्रजी मजकुरासाठी होते. सात बिटांत मावणाऱ्या १२८ खुणा आणि एक ओळ जास्तीत जास्त १००० खुणांची. त्या वाटेने पीडीएफ पाठवायची तर ती आधी साध्या अक्षरांत उतरवावी लागणार. तशा युक्त्या आधीपासून होत्या. मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० साली बर्कलीत यूयूएनकोड लिहिलं होतं. पण पलीकडच्या माणसाला ते हाताने उलटं उकलावं लागे. नीट सोय झाली १९९२ मध्ये. नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची पद्धत बसवली. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टीन यांनी जो मेल पाठवला, त्याला त्यांच्या चौघांच्या गाण्याच्या गटाचा फोटो आणि गाणं जोडलेलं होतं. आपण आज टॉवेलच्या पॅकिंग लिस्टा पाठवतो त्या याच रस्त्याने.

माइमची रीत सोपी आहे. एकाच पत्रात तुकडे असतात आणि दोन तुकड्यांमध्ये एक ठरावीक खुणेची ओळ असते. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं : हा मजकूर आहे, हा पीडीएफ आहे, याचं नाव अमुक, हा बेस-६४ मध्ये उतरवलाय. बेस-६४ म्हणजे फाइलचे तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार अक्षरं करायची. ७६ अक्षरं झाली की ओळ तोडायची. तिनाचे चार, त्यावर ओळी तोडण्याचा खर्च, म्हणजे वजन साधारण ३७ टक्क्यांनी वाढतं. आमच्या लोकांना हे मी पॅकिंग लिस्टच्या भाषेत सांगते : नेट वेट १८ एमबी, ग्रॉस वेट पावणेपंचवीस. २५ एमबीची मर्यादा असलेले पुष्कळ मेल सर्व्हर ती ग्रॉस वेटवर मोजतात. "फाइल तर बावीसचीच आहे, तरी जात का नाही?" याचं उत्तर एवढंच. टॉवेलच्या सॅम्पलचे फोटो पाठवायचे तर ते ड्राइव्हवर टाकून दुवा द्यावा, मेलला लटकवू नयेत.

जाता जाता एक गंमत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अक्षर असो की काना-मात्रा, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या रीतीने साठवतो तिच्यात, तीन बाइट घेतं. म्हणून बेस-६४ मध्ये त्याची बरोबर चार अक्षरं होतात, आणि त्यांतली पहिली दोन कायम तीच : चारचा आकडा आणि 'के'. तिसरं 'एस' नाहीतर 'डब्ल्यू'. 'स' हे अक्षर उतरतं ते 'चार, के, एस, चार' असं. नुसत्या देवनागरीत लिहिलेला मजकूर कच्च्या रूपात उघडला की 'चार-के, चार-के' अशी रांग लागलेली दिसते. आता मला मेल न उकलताही आत मराठी आहे हे कळतं. या विद्येचा उपयोग शून्य, पण मजा येते.

हे एकदा डोक्यात बसलं की हत्यारांची भीती जाते. कोणतंही हत्यार घ्या, ते हेच पत्र रचतं. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर मी लिनक्स टाकलंय. तिथे पत्र रचायला मट नावाचा प्रोग्रॅम आहे आणि ते जीमेलच्या दारापर्यंत न्यायला एमएसएमटीपी नावाचा. टॅलीतून निघालेल्या पीडीएफ विंडोजच्या मशीनवरून एका सामाईक फोल्डरमध्ये येतात, स्क्रिप्ट तिथून उचलते. मटला 'डॅश एस' देऊन विषय, 'डॅश ए' देऊन फाइल, मग सुटे दोन डॅश आणि त्यानंतर पत्ता. ते सुटे दोन डॅश विसरलात तर मट पत्त्यालाही फाइल समजतं आणि अशी फाइल नाही म्हणून अडून बसतं. निदान अडतं तरी! नुसत्या मेल कमांडचं त्याहून वाईट आहे. तिच्या एका अवतारात 'डॅश ए' म्हणजे फाइल जोड, दुसऱ्यात 'डॅश ए' म्हणजे पत्राच्या डोक्यावर ओळ वाढव, आणि तिसऱ्यात फाइलसाठी कॅपिटल ए. इंटरनेटवरून उचललेली ओळ एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर नाही, ती यामुळे. आपल्या मशीनवर कोणता अवतार आहे हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

विंडोजवालेही विचारतात. पॉवरशेलमध्ये त्यासाठी कमांड आहे, पण मायक्रोसॉफ्टच तिला कालबाह्य म्हणतं. मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुचवते. त्यात पत्र रचायची आणि पाठवायची दोन्ही सामग्री सोबतच येते, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि तोच कोड दोन्हीकडे चालतो.

पासवर्डचं विचारू नका म्हटलं तरी विचारतातच. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती वाट ३० मे २०२२ पासून बंद करत आणली. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची आणि १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढून घ्यायचा. तो ज्या फाइलमध्ये असेल तिची परवानगी ६००, म्हणजे ती फाइल ज्या युजरच्या नावावर आहे त्याच्याशिवाय कोणी वाचू शकणार नाही अशी. जीमेलला मेल द्यायचं दार, म्हणजे पोर्ट, ५८७ नाहीतर ४६५ नंबरचं. २५ नंबरच्या नादाला लागू नका. ते बहुतेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर बंदच ठेवतात.

खरी कसोटी रात्री लागते. हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालली म्हणजे क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, लावलेली चालेलच असं नाही. क्रॉनला तुमचं घर ओळखीचं नसतं : कमांड कुठे आहे, भाषा कोणती, काही ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण रस्ता लिहायचा. यूटीएफ-८ ची सेटिंगही स्क्रिप्टच्या वरच लिहायची, नाहीतर दिवसा झकास गेलेला 'खातेउतारा' हा विषय रात्री बिघडून जातो. आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याची खूण थेट लिहायची नाही. क्रॉन तिथे ओळ तोडतं आणि पुढचं सगळं कमांडला आत ढकलतं. तारीख काढायला नेमकी तीच खूण लागते, त्यामुळे इथे पुष्कळ जण ठेचकाळतात. खुणेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा तारखेचं काम सरळ स्क्रिप्टच्या पोटात न्या. मी दुसरं करते.

पाठवण्याआधी स्क्रिप्ट तीन गोष्टी तपासते. फाइल आजची आहे का, तिचं माप शून्य तर नाही, आणि तिची सुरुवात टक्क्याची खूण आणि पीडीएफ या अक्षरांनी होते का. प्रत्येक अस्सल पीडीएफच्या कपाळावर ते लिहिलेलं असतं. टॅलीचं एक्स्पोर्ट अर्ध्यावर थांबलं, किंवा मागच्या महिन्याचीच फाइल फोल्डरमध्ये राहिली, तर मेल जात नाही आणि सकाळी मला यादी मिळते. या भागाला स्क्रिप्टच्या निम्म्याहून जास्त ओळी लागल्यात. मेल पाठवणारी ओळ एकच आहे, आणि सगळे मला त्या एका ओळीबद्दल विचारतात!

दुसरा मुद्दा विजेचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. एमएसएमटीपी मेल साठवून ठेवत नाही. नेट नसेल तर ते चूक सांगून मोकळं होतं, पुन्हा प्रयत्न करत नाही. म्हणून दोन फोल्डर ठेवलेत, 'बाकी' आणि 'गेले'. कमांडने शून्य परत दिलं तरच फाइल 'बाकी'तून 'गेले'मध्ये जाते. या जगात शून्य म्हणजे सगळं ठीक आणि त्याहून वेगळं काहीही म्हणजे भानगड. एमएसएमटीपीकडून ७७ आलं की समजायचं, बहुधा पासवर्ड नाकारला. तासाभराने स्क्रिप्ट पुन्हा 'बाकी' चाळते. वीज आली असेल तर उरलेले जातात, आणि गेलेले दुसऱ्यांदा जात नाहीत.

तरीसुद्धा शून्य म्हणजे 'पोचलं' असं नाही. शून्य म्हणजे जीमेलने आपल्या हातातून पत्र घेतलं. लॉगमध्ये, म्हणजे एमएसएमटीपीच्या नोंदवहीत, २५० हा आकडा दिसतो तो त्याची पोच. पुढे डीलरची पेटी भरलेली असेल, पत्ता बंद असेल, तर परत आलेलं पत्र पाठवणाऱ्याच्या पेटीत पडतं. 'पाठवणारा' म्हणून कोणी उघडतच नाही असा पत्ता लावलात तर ती बातमी तिथेच कुजते. खातेउतारे ज्या पत्त्यावरून जातात ती पेटी आमच्याकडे रोज सकाळी चहाआधी उघडली जाते, आणि हे काम मात्र मी कोणत्याही स्क्रिप्टला दिलेलं नाही.

महिन्याला पाच-सात मेल जात असतील तर यातलं काही करू नका. जीमेल उघडा, फाइल जोडा, पाठवायच्या आधी जोडलेली फाइल एकदा उघडून बघा.

आणि हा शेवटचा प्रश्न, जो मालक लोक हमखास काढतात : "म्हणजे मॅडम, दिवाळीची ऑफर हजार जणांना अशीच टाकता येईल की!" नाही टाकता येणार. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० च्या पुढे गेलं की ते चोवीस तासांपर्यंत पाठवणं बंद करतं, आणि तो दिवस महिनाअखेरीचा असला तर सगळे खातेउतारे अडकतात. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांवर नियम कडक केलेत : मेल खरंच तुमच्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून, आल्याचा सही-शिक्का नीट हवा, नको म्हणणाऱ्याला एका क्लिकवर बाहेर पडता यायला हवं. पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या सेवा आहेत, ऑफर त्यांच्याकडून जाऊ द्या. माझ्या तक्त्यात हजार ओळी घालायला मी कोणालाच देत नाही, मालकांनाही नाही.