नाव उसवलेली जर्सी

बेसबॉलपटू मॅट ओल्सनची जर्सी आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात घेतली. हिरवी, पाठीवर शिवलेलं नाव, खाली २८. लेक तेव्हा नऊ वर्षांचा होता, म्हणून मी दोन मापं मोठी घेतली. वाढतं अंग, तीन-चार वर्षं तरी जायला हवी ना. कपड्याचा हिशोब अगदी बरोबर निघाला. २०२२ च्या मार्चमध्ये जर्सी त्याच्या खांद्यांवर नीट बसायला लागली आणि त्याच महिन्यात ओल्सन अटलांटाचा झाला.

तो आठवडा मी विसरत नाही. डिसेंबरपासून मालक आणि खेळाडूंचं भांडण चालू होतं, अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगला टाळं लागलेलं. १० मार्चला ते निघालं. शनिवारी आमच्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने पिचर क्रिस बॅसिट न्यूयॉर्क मेट्सला दिला. सोमवारी ओल्सन अटलांटा ब्रेव्ह्जला. बुधवारी मॅट चॅपमन टोरांटोला. वार लावून जेवायला पाठवतात तसं. एप्रिल उजाडला तर शॉन मनाया सॅन डिएगोला. आदल्या ऑक्टोबरात मॅनेजर बॉब मेल्विनलाही करार शिल्लक असताना सॅन डिएगोला जाऊ दिलं होतं, बदल्यात काहीही न मागता. आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. घर विकायला काढलेला माणूस आधी कुंड्या वाटून टाकतो.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगते. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षं तो संघाला बांधलेला. त्यातली पहिली तीन साधारण किमान पगारावर, पुढे पगार लवादाच्या पट्टीने चढत जातो, आणि सहा वर्षं भरली की तो मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे जाईल. म्हणजे चांगला खेळाडू हाताशी असेल तर एक तर त्याच्याशी वेळेत लांबचा करार करायचा, नाहीतर मुदत संपायच्या वर्ष-दोन वर्षं आधी त्याला विकून बदल्यात पोरं आणायची. या पोरांना ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. मराठीत ‘होतकरू’. लग्नाच्या बाजारात होतकरू मुलगा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

आमचे लोक गेली कित्येक वर्षं होतकरूच आणतायत.

मी २०११ मध्ये ओकलंडजवळ फ्रिमाँटला आले. बार्टची लोकल गाडी थेट कोलिझियम स्टेशनवर सोडायची, तिथून पुलावरून चालत स्टेडियममध्ये. दिसायला भयाण जागा होती ती, मान्य. काँक्रीटचं भलंमोठं भगुणं. फुटबॉलच्या रेडर्ससाठी नव्वदीत बांधलेल्या एका अजस्र स्टँडने पलीकडचे डोंगर झाकून टाकले होते. त्याला सगळे ‘माउंट डेव्हिस’ म्हणायचे. मधूनच सांडपाणी तुंबायचं, आणि नंतर पाहुण्यांच्या समालोचन कक्षात तर पॉसम राहायला आलं होतं. पण राइट फील्डच्या बाकांवर ढोल वाजायचे. अगदी मिरवणुकीतले नव्हेत, तरी त्या ठेक्यावर मी पहिल्याच दिवशी पाय आपटायला लागले.

माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे. ते हाताने स्कोअर लिहायचे, पेन्सिलने. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा: शॉर्टस्टॉप सहा, सेकंड बेस चार, फर्स्ट बेस तीन. त्या तिघांनी मिळून डबल प्ले केला, म्हणजे एका फटक्यात दोघे बाद, की ६-४-३. बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक बघत राहिलेल्या फलंदाजासाठी स्ट्राइकआउटचा इंग्रजी के उलटा काढायचा. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर नावांची एक वेगळीच रांग होती. नाव, वर्ष आणि कुठे गेला ते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पान अर्धं भरलेलं होतं. २०१४ च्या नोव्हेंबरात जॉश डोनाल्डसन टोरांटोला गेला (त्याची चार वर्षं हातात शिल्लक होती, चार!) आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, तेव्हा मी रागाने थरथरत होते. आजोबा पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, “पोरी, मी फिन्ली पाहिलाय.”

चार्ली फिन्ली म्हणजे ७२, ७३, ७४ अशा लागोपाठ तीन वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगची अजिंक्यपदं, जिंकणाऱ्या संघाचा मालक. १९७६ मध्ये त्याने व्हायडा ब्लू यँकीजला दीड दशलक्ष डॉलर्सला, रॉली फिंगर्स आणि जो रुडी बॉस्टनला प्रत्येकी एक दशलक्षाला विकायला काढले होते. कमिशनर मध्ये पडला आणि सौदा मोडला. त्याच्याही आधी, संघ फिलाडेल्फियात असताना, कॉनी मॅकने विजेता संघ एकदा नाही दोनदा मोडून विकला. आमच्या बाहीवर हत्ती असतो. १९०२ मध्ये प्रतिस्पर्धी मॅनेजर जॉन मॅग्रॉने ‘यांनी पांढरा हत्ती पोसलाय’ म्हणून टोमणा मारला, आणि मॅकने तोच हत्ती मिरवायला घेतला. पांढरा हत्ती म्हणजे काय हे वेगळं शिकावं लागलं नाही, अशी या संघाची मी एकमेव चाहती असेन असं वाटायचं.

तर विकणं रक्तातच आहे, आणि गंमत म्हणजे ते मला बरीच वर्षं चालत होतं. काटकसर मला कळते. कमी पैशांत, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या माणसांतून संघ उभा करायचा आणि श्रीमंतांच्या नाकावर टिच्चून जिंकायचं, याचा अभिमानच होता. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षं ९७ सामने जिंकलो. ओल्सन फर्स्ट बेसला, चॅपमन थर्ड बेसला, दोघेही आमच्याच मुशीत घडलेले. मध्ये शॉर्टस्टॉपला मार्कस सिमियन, इथलाच, बर्कलीत शिकलेला. २०१९ मध्ये तो १६२ च्या १६२ सामने खेळला आणि एमव्हीपीच्या मतदानात तिसरा आला.

सिमियनच्या वेळी काटकसरीची कंजुषी झाली. २०२० नंतर तो मोकळा झाला. बातम्या आल्या त्या अशा, की संघाने त्याला एका वर्षाचे सव्वा कोटी डॉलर देऊ केले, पण त्यातले एक कोटी दहा वर्षांच्या हप्त्यांत, दरवर्षी दहा लाख! मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतेय. फ्रीज घेतानासुद्धा माणूस इतके हप्ते पाडत नाही. सिमियन एक कोटी ऐंशी लाखांवर टोरांटोला गेला आणि तिथे त्याने ४५ होम रन मारले. सेकंड बेसवरच्या खेळाडूने एका सीझनमध्ये तेवढे कधीच मारले नव्हते. मग टेक्सासने त्याला सात वर्षांचे साडेसतरा कोटी दिले आणि २०२३ ची वर्ल्ड सीरिज जिंकली. ओल्सनने अटलांटात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आठ वर्षांचा करार केला. २०२३ मध्ये ५४ होम रन. चॅपमन फिरून फिरून खाडीच्या पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत आला आणि तिथे सहा वर्षांसाठी रुजला. म्हणजे या माणसांना इथे राहायचं नव्हतं, हे मला कोणी सांगू नये.

आणि विकून तरी काय मिळवलं? शॉन मर्फीचा सौदा घ्या. २०२२ च्या डिसेंबरात आमचा हा कॅचर अटलांटाला गेला. सौदा तीन संघांचा होता आणि त्यात अटलांटाचा विल्यम कॉन्ट्रेरास हा तरुण, ऑल-स्टार खेळलेला कॅचर बाहेर पडत होता. तो आमच्याकडे येईल असं कोणालाही वाटलं असतं. तो गेला मिलवॉकीला. आम्ही मिलवॉकीचा एस्तेउरी रुईझ घेतला, शिवाय काही पिचर. रुईझने २०२३ मध्ये ६७ बेस चोरले, ते पाहायला मजा आली, खोटं कशाला बोलू. पण बेस चोरायला आधी बेसवर पोचावं लागतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यालाही डॉजर्सना देऊन टाकला. कॉन्ट्रेरास तेव्हाही मिलवॉकीतच होता आणि मी त्याचे आकडे बघायचं टाळते.

नवरा म्हणतो, लँगलियर्स विसरतेस. बरोबर आहे. ओल्सनच्या बदल्यात शे लँगलियर्स आला आणि २०२५ मध्ये त्याने ३१ होम रन मारले. सगळेच होतकरू वाया जात नाहीत. पण मधल्या काळाचं काय? २०२३ मध्ये ५० जिंकले, ११२ हरले. ओकलंडच्या इतिहासातला सगळ्यात वाईट सीझन, तीस संघांत सगळ्यात कमी पगार. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या एप्रिलमध्ये एका रात्री स्टेडियममध्ये तीन हजार माणसंही नव्हती. ढोलाचा आवाज समोरच्या रिकाम्या स्टँडवर आपटून परत यायचा. मग म्हणायचं, बघा, लोक येत नाहीत.

१३ जून २०२३ ला आम्ही आलो, एका मंगळवारी २७,७५९ जण. बहिष्काराच्या उलट, मुद्दाम भरून. चाहत्यांनीच छापलेले हिरवे टी-शर्ट वाटले जात होते, छातीवर एकच इंग्रजी शब्द: सेल, म्हणजे ‘विका’. मालक जॉन फिशर, गॅपच्या कपड्यांच्या घराण्यातला. त्याला टी-शर्टवरचं तरी वाचता येईल अशी आशा. पाचव्या इनिंगला सगळं स्टेडियम ठरवून गप्प झालं. एवढी माणसं, आणि बॉल मिटमध्ये बसल्याचा आवाज वर आमच्यापर्यंत आला. लेकाने माझा दंड धरला होता. पहिला फलंदाज झाला आणि मग ‘सेल द टीम’चा जो आवाज उठला, तो मला छातीत जाणवला, कानांत नंतर. त्या रात्री टँपा बेला २-१ हरवलं, लागोपाठ सातवा विजय. आणि त्याच दिवशी तिकडे नेवाडाच्या सेनेटने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलर्सच्या सरकारी पैशाला मंजुरी दिली. नोव्हेंबरात लीगच्या मालकांनी एकमताने स्थलांतर पक्कं केलं.

शेवटच्या सामन्याचं मी फार लिहिणार नाही. २६ सप्टेंबर २०२४, ४६,८८९ माणसं, टेक्सासवर ३-२ ने विजय. सिमियन समोरच्या डगआउटमध्ये. मैदानाची देखभाल करणाऱ्यांनी लोकांना माती वाटली. आमच्या वाट्याची लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहे. आजोबांची जागा २०२२ पासूनच रिकामी होती. विचारायचं कोणाला, हेही ठाऊक नव्हतं.

आता संघ सॅक्रामेंटोत, मायनर लीगच्या चौदा हजारांच्या मैदानात खेळतो. नावात गावच नाही, नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. आणि मला खरी आग लागते ती इथे. ओकलंड सोडल्यावर यांना पैसे सापडले! २०२४ च्या डिसेंबरात पिचर लुईस सेव्हरिनोला तीन वर्षांचे ६७ दशलक्ष, या संघाच्या तोवरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. आधीचा विक्रम एरिक चावेझचा होता, २००४ मधला, ६६ दशलक्षांचा. वीस वर्षांत एक दशलक्षाची वाढ. महिन्याभरात ब्रेंट रूकरला पाच वर्षं, मार्चमध्ये लॉरेन्स बटलरला सात. बटलर ओल्सनसारखाच घरात घडलेला. उपरती वगैरे झाली म्हणावं तर तसंही नाही. लीगच्या सामायिक पैशातून ज्या संघाला वाटा मिळतो, त्याने त्या वाट्याच्या दीडपट तरी पगारांवर खर्च करावा अशी अट आहे, नाहीतर खेळाडूंची संघटना तक्रार करू शकते. म्हणजे माझ्या लेकाच्या रडण्याने जे झालं नाही ते नियमावलीच्या एका कलमाने झालं.

तो रडला होता, ओल्सन गेला त्या सोमवारी. मग जर्सी माझ्यापुढे टाकून म्हणाला, नाव काढून दे. मी उसवणी घेऊन बसले. एकेक अक्षर दुहेरी शिवणीचं, टाके बारीक. ओ सगळ्यात चिवट, वळणावर सुई धरवतच नाही. दोन संध्याकाळी गेल्या. सगळी अक्षरं निघाली तेव्हा दिसलं, की खालचं कापड ऊन आणि धुण्यातून वाचलेलं, गर्द हिरवं राहिलंय. बाजूचं विटलेलं. नाव काढूनही दहा फुटांवरून वाचता येत होतं. ती जर्सी तो अजून घरात घालतो. आता बाह्या आखूड होतात.

२०२५ च्या नोव्हेंबरात आमचा निक कर्ट्झ एकमताने रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ह्यूस्टनला त्याने एका सामन्यात चार होम रन मारले, सहापैकी सहा हिट. लेकाने तो सामना तीनदा पाहिलाय. ओकलंडला यायचंच नाही हे ठरल्यावर आलेला खेळाडू, त्याच्याशी माझं काही देणंघेणं नाही असं मी स्वतःला सांगते. लेकाने विचारलं, “आई, कर्ट्झची घेऊ?” मी म्हटलं, “कोरी घे.” तो म्हणाला, “२०३० पर्यंत आहे तो.” मी म्हटलं, “मग २०२८ ला विकतील.” तो म्हणाला, “मला पण येतं ते गणित.”

जर्सी अजून कार्टमध्येच आहे, नावासकट. माप मात्र आत्ता बसेल तेवढंच निवडलंय.