अठरा कोटी वेळा तीच ओळ

मार्चचा पहिला आठवडा, रात्रीचे पावणेदोन. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन आला: "वजन दिसतंय खरं, पावती निघंना झालीया."

पावती अडली की गव्हाणीपर्यंत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथपर्यंत) सगळं अडतं, हे कुणालाही कळेल. पण हाताने लिहिलेली पावती घेतलेला शेतकरी काटामारीचा संशय मनात धरूनच घरी जातो, आणि त्याला नावं ठेवायला जागा नाही. म्हणून काट्यावरच्या कामाला 'सकाळी बघू' म्हणता येत नाही. राजारामपुरीतून निघालो तेव्हा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उभ्याच होत्या.

काट्याच्या मशीनवर डेबियन १२ ही लिनक्स, त्यावर एक्सएफसीई ४.१८ हा डेस्कटॉप, आणि होम, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइलींचा भाग, वेगळ्या पार्टिशनवर. वजनाचा प्रोग्राम आधी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि नोंद पक्की झाली तरच पावती छापतो. ही रचना चांगली आहे. नोंद होत नव्हती, कारण डिस्क भरली होती.

मी पोचायच्या आत एका सहकाऱ्याने दूरून लॉगिन करून सगळ्यात मोठी फाइल उडवली होती. ती सेशनच्या, म्हणजे एका लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या, चुकांची नोंदवही, एक्ससेशन-एरर्स. तरी जागा मोकळी झाली नव्हती. डिस्कची भरलेली जागा सांगणारं डीएफ होम शंभर टक्के भरलेलं दाखवत होतं आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज तीन जीबीच्या पुढे जात नव्हती. या दोघांचा हिशेब जुळत नसला की एकच शंका घ्यायची: फाइलचं नाव पुसलंय, पण कुठलीतरी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) ती अजून उघडी धरून बसली आहे. शेवटची प्रक्रिया ती सोडेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा परत देत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला 'प्लस एल एक' दिलं की अशा नाव गेलेल्या फाइली दिसतात. इथे ती एक्सएफसीईच्या सेशन मॅनेजरने, म्हणजे लॉगिननंतर डेस्कटॉप उभा करणाऱ्या प्रोग्रामने, धरली होती. उघड्या फाइलीचा क्रमांक २, म्हणजे चुकांचा प्रवाह.

घाईत फाइल पुसणं मला पटत नाही. बिघाडाचं कारण तिच्यातच लिहिलेलं असतं. सुदैवाने नाव गेलं तरी चालू प्रक्रियांची माहिती दाखवणाऱ्या प्रॉकमध्ये, त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखालच्या, उघड्या फाइलींच्या एफडी फोल्डरमधून ती वाचता येते. शेवटच्या वीस ओळी काढल्या. वीसही एकच: पॅनलची (खिडक्यांची बटणं असलेल्या पट्टीची) एक प्रत आधीच चालू आहे. फाइल नऊ जीबीची, ओळ ४९ बाइटची, म्हणजे अठरा कोटींवर ओळी.

लिहिणारा सापडला ऑटोस्टार्टमध्ये, म्हणजे लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत. मागच्या माणसाने तिथे एक अखंड लूप ठेवला होता: पॅनल चालव, ते संपलं की पुन्हा चालव. हेतू चांगला होता. हंगामाच्या सुरुवातीला एका जादा प्लगइनमुळे (पट्टीवर बसवलेल्या छोट्या जोडप्रोग्राममुळे) पॅनल सारखं कोसळत होतं. एक्सएफसीईचे काही प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत चालतात, ते मेले तरी पॅनल वाचतं. काही मात्र पॅनलच्या पोटातच चालतात, आणि ते जाताना पॅनलला घेऊन जातात. पॅनल गेलं की ऑपरेटरला वजनाच्या खिडकीतून बिलाच्या खिडकीत जाता येईना.

पण पॅनल उभं करण्याचं काम सेशन मॅनेजर स्वतःच करतो. पॅनल त्याच्याकडे नोंदताना 'पडलो तर लगेच उठव' असं सांगून ठेवतं. पाच प्रयत्नांनंतर तो थांबतो, आणि त्याने थांबायलाच हवं. लूपला थांबणं माहीत नव्हतं. नव्या लॉगिनला सेशनने आधी पॅनल उठवलं, मग लूपने दुसरं उठवायला घेतलं. दुसऱ्याने डीबसवर (प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोपवाटेवर) पाहिलं, पहिलं जिवंत आहे, एक ओळ लिहून ते बाहेर पडलं, आणि लूपने लगेच पुढचं उठवलं. सेकंदाला वीसेक वेळा, दिवसाला ८० एमबीच्या पुढे. नवं लॉगिन झालं असतं तर फाइल नव्याने सुरू झाली असती, पण हंगामात काट्याचं मशीन कोणी लॉगआउट करत नाही. एकशे दहाएक दिवस हे चाललं आणि त्यात लूपने एकदाही कामाचं काही केलं नाही. पंखा सतत घोंघावत होता, ते मात्र तीनही पाळ्यांनी ऐकलं होतं.

आधी लूप मारला, मग त्याच एफडीच्या वाटेने फाइल शून्य बाइटवर आणली. जागा तत्क्षणी परत आली आणि पुढच्याच गाडीची पावती निघाली, लॉगआउट न करता. उलट क्रमाने केलं असतं तर फाइल लगेच पुन्हा भरू लागली असती.

पॅनलमधून तो प्लगइन काढला आणि पॅनल सेशनवरच सोपवलं. एका घटकाला एकच राखणदार हवा. वजनाच्या प्रोग्रामला मात्र राखणदार नव्हता, त्याला सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समध्ये सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, यूझर सर्व्हिस केली. रीस्टार्ट 'ऑन-फेल्युअर' ठेवलं, 'ऑलवेज' नाही: पाळी बदलताना ऑपरेटरने प्रोग्राम नीट बंद केला तर तो परत उठता कामा नये. सेगफॉल्ट झाला (मेमरीच्या चुकीने कोसळला) किंवा चुकीचा कोड देऊन संपला तर उठावा. सिस्टमडीच्या मूळ सेटिंग्ज इथे घातक आहेत. दोन प्रयत्नांत फक्त १०० मिलिसेकंद, आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची मर्यादा. काट्याची सीरियल केबल मशीनला जोडणारा यूएसबी कन्व्हर्टर परत दिसायलाच एक-दोन सेकंद लागतात, तोवर पाचही प्रयत्न संपून सर्व्हिस पडून राहते. म्हणून अंतर तीन सेकंद केलं आणि मर्यादा मिनिटात पाच. मर्यादेच्या या दोन ओळी सर्व्हिसच्या फाइलीत 'युनिट' भागात लिहायच्या. 'सर्व्हिस' भागात टाकलेल्या पुष्कळदा पाहिल्यात.

सर्व्हिस सिस्टमडीच्या यूझर मॅनेजरबरोबर आपोआप सुरू करायची नाही, तेव्हा डिस्प्लेचा पत्ताच नसतो. ती ऑटोस्टार्टमधून सुरू केली. पोर्टही टीटीवाययूएसबी शून्य असा लिहिला नाही. केबल हलली आणि जुनी प्रक्रिया पोर्ट धरून असली की तोच कन्व्हर्टर 'एक' होऊन येतो. डेव्हमधल्या सीरियल फोल्डरखाली बाय-पाथ आहे, तिथलं, कन्व्हर्टर कुठल्या खोबणीत आहे त्यावरून पडणारं नाव दिलं. स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, तिथे बाय-आयडीपेक्षा हेच बरं.

राहून राहून मनात येतं ते त्या प्लगइनचं. तो का कोसळत होता ते पहिल्या दिवसांच्या नोंदींत असणार, आणि त्या नोंदी नंतरच्या लॉगिनबरोबर गेल्या. लूप लिहिणाऱ्याने त्या दिवशी दहा ओळी उतरवून ठेवल्या असत्या तर आज उत्तर मिळालं असतं.

सर्व्हिस किती वेळा पुन्हा उठली हा आकडा सिस्टमडी 'एन-रीस्टार्ट्स' या नावाखाली ठेवतो. दर सोमवारी तो काट्यावरच्या वहीत लिहून घ्यायला सांगितलंय. पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात चार. सिस्टमडीच्या नोंदवहीत, जर्नलमध्ये, वेळा पाहिल्या: चारही पहाटेच्या, फीडर (वीजपुरवठ्याची लाइन) बदलण्याच्या वेळच्या, आणि प्रत्येक वेळी आधी कन्व्हर्टर गायब झालेला. काट्याच्या केबिनचं अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिकल विभागाला चिठ्ठी दिली आहे.